आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : यंत्रमाग कामगाराच्या पायाची एक केस

सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संपली की आठवडाभर माझ्या दवाखान्यात पायांचीच गर्दी असते. नंदीध्वजांबरोबर ६८ लिंगांना अनवाणी जाऊन आलेली माणसं टाचांच्या भेगा, रुतलेले खडे, मधुमेहाचे फोड असं काय काय घेऊन येतात. यंदा जानेवारीत त्या गर्दीत एक जण असा होता की त्याची जखम यात्रेतली नव्हतीच. ती १४ महिन्यांची होती. यात्रेत चालून एवढंच झालं होतं, की ती आता चपलेपर्यंत वाहत होती.

वय ५४. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टेरी टॉवेलचे दोन माग सांभाळतात. राहायला पूर्व भागात. घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. बायको विड्या वळते. दवाखान्यात मी त्यांना अण्णा म्हणतो, इथंही तेच म्हणेन. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

डाव्या घोट्याला कारखान्यातल्याच टॉवेलचा तुकडा गुंडाळलेला होता. मी तो सोडताना काहीतरी बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले, ‘‘बाजारातल्या पट्टीपेक्षा हे चांगलं शोषतंय की ओ डॉक्टर.’’ खरं होतं ते. चार इंची गॉज दोन तासांत चिंब व्हायचं, टॉवेल दुपारपर्यंत टिकायचा.

जखम आतल्या बाजूला, घोट्याच्या हाडाच्या जरा वर. साधारण चार बाय तीन सेंटिमीटर, उथळ, कडा उताराच्या, तळाला लाल दाणेदार मांस आणि त्यावर पिवळट साय. भोवतालची कातडी काळपट तपकिरी, कडक, चिमटीत न येणारी. पोटरी फुगलेली आणि घोट्याच्या वर पाय एकदम आवळल्यासारखा बारीक, उलटी धरलेली सोड्याची बाटली जशी. ज्यानं असे दोन-चार पाय पाहिलेत त्याला इथंच निदान कळतं.

पण बायकोनं टेबलावर एक पिशवी उपडी केली. पाच प्रकारची मलमं, तीन प्रतिजैविकांच्या अर्धवट पट्ट्या, एक शिंपडायची पावडर, आयोडीनची बाटली आणि कोणीतरी दिलेलं हळदीचं तेल. १४ महिन्यांचा सगळा खर्च त्या एका पिशवीत होता, आणि तो सगळाच्या सगळा त्या चार बाय तीनच्या चौकोनावर झाला होता. दोन मलमांत निओमायसिन होतं. जुन्या जखमेभोवतीची कातडी या औषधाला सहज वैतागते. खाज, पुरळ, पाणी सुटणं सुरू होतं, आणि माणसाला वाटतं जखम पसरतेय, म्हणून तो मलम आणखी लावतो. अण्णांच्या पायावर पुरळाचा तसा एक पट्टाच उठला होता.

‘‘अण्णा, उभे राहा. लुंगी वर घ्या, मांडीपर्यंत.’’

ते उभे राहिले आणि मिनिटभरात सगळं समोर आलं. गुडघ्याच्या आतल्या बाजूनं बोटाएवढी जाड, वळणावळणाची नस फुगून वर आली, पोटरीवर तिचे फाटे, आणि त्यातला एक थेट जखमेच्या डोक्यावर जाऊन थांबलेला. या १४ महिन्यांत त्यांना कोणी उभं करून पाहिलं नव्हतं. प्रत्येक ठिकाणी ते टेबलावर आडवे झाले, डॉक्टरांनी पट्टी उघडली, जखम पाहिली, पट्टी बांधली. आडवं झालं की या नसा रिकाम्या होतात, कातडीत दिसेनाशा होतात. मी कोणाला नावं ठेवायला हे लिहीत नाही. संध्याकाळी सहा वाजता बाहेर ४० जण बसलेले असताना रुग्णाला चप्पल काढून, कपडे वर करून दोन मिनिटं उभं करणं मलाही नेहमी जमत नाही.

रक्त वर जातं कसं

उभ्या माणसाच्या घोट्यापाशी नीलेतला (नसेतला) दाब पाऱ्याच्या साधारण ९० मिलिमीटरइतका असतो, हृदयापासून घोट्यापर्यंतच्या रक्ताच्या उभ्या खांबाचं ते वजन. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला आतल्या नसा पिळतो, रक्त वर ढकलतो, आणि नसांतल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. चालताना हा दाब ३०च्या आसपास उतरतो. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते यामुळे.

या झडपा निकामी झाल्या, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स झाल्या, की वर ढकललेलं रक्त परत खाली येतं. माणूस चालला तरी दाब उतरत नाही. मग बारीक केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं, पाय सुजतो. लाल पेशीही बाहेर पडतात, त्यांच्यातलं लोह कातडीत साठतं, म्हणून ती गंजल्यासारखी तपकिरी दिसते. काही वर्षांनी त्या कातडीला साधा ओरखडा गेला तरी तो भरून येत नाही. अण्णांना मागाच्या लोखंडी पट्टीचा कोपरा लागला होता, एवढंच निमित्त.

म्हणून मी पिशवीकडे बोट दाखवून त्यांना म्हटलं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जखम घोट्याला आहे, बिघाड जांघेतल्या नसेच्या झडपेत आहे. अण्णांना म्हण माहीत नव्हती. बायकोला होती. तिनं तेलुगूत काहीतरी समजावलं आणि दोघं हसले.

यंत्रमागावर उभं राहणं हे नुसतं उभं राहणं नसतं, हेही इथं सांगायला हवं. कामगार दोन मागांच्या मधल्या बोळात असतो. दोन पावलं इकडे, दोन तिकडे, धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची, तुटलेला धागा सांधायचा. दिवसभरात तो बराच चालतो, पण ते चालणं घसरत्या पावलांचं असतं. टाच पुरती उचलली जात नाही, घोटा पुरता वाकत नाही, म्हणजे पोटरी पिळलीच जात नाही. अण्णांची पाळी १२ तासांची. अशी ३१ वर्षं. उभ्यानं काम करणाऱ्या सगळ्यांनाच हा आजार होत नाही. घराण्यात असणं हे फार मोठं कारण आहे, आणि अण्णांच्या आईच्या पायालाही म्हातारपणी ‘न भरणारी’ जखम होती.

पट्टी आधी

रक्त उलटं आणणारी नस बंद करणं हा मूळ उपाय, पण त्याआधी तीन गोष्टी बघायच्या होत्या.

पहिली, पायाकडे जाणारं रक्त पुरेसं आहे का. अण्णा ओढणारे आहेत, दिवसाला एक बंडल, घरचंच. ओढणाऱ्याच्या पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असल्या आणि वरून घट्ट पट्टी बांधली, तर पाय काळा पडू शकतो. म्हणून घोट्याचा आणि दंडाचा दाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढायचं. ते ०.८च्या वर असेल तरच नेहमीची घट्ट पट्टी. अण्णांचं १.०२ आलं. दुसरी, साखर. ती ठीक होती. तिसरी, इतक्या जुन्या जखमेच्या कडेचा छोटा तुकडा तपासायला पाठवायचा, कारण वर्षानुवर्षं उघड्या राहिलेल्या जखमेत क्वचित कर्करोग रुजतो. तो अहवाल आठ दिवसांनी निर्धोक आला.

पट्टी मात्र त्याच दिवशी बांधली. मलमं सगळी बंद. जखम साध्या सलाइननं धुतली, न चिकटणारं ड्रेसिंग ठेवलं, त्यावर कापूस, त्यावर पायाच्या बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत थरांची पट्टी, घोट्याशी ४० मिलिमीटरच्या आसपास दाब, वर जाताना कमी. आठवड्यातून दोनदा बदलायची. खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा. नसांतल्या बिघाडानं झालेल्या जखमेवर सगळ्यात जुना आणि सगळ्यात खात्रीचा उपाय हाच आहे, आणि सगळ्यात कंटाळवाणाही.

मग डॉप्लर, म्हणजे रक्त कुठल्या दिशेनं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी. मांडीतली मुख्य वरची नस, जिला आम्ही ग्रेट सॅफेनस म्हणतो, जांघेखाली साडेसहा मिलिमीटर रुंद होती. पोटरी दाबून सोडल्यावर रक्त अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ उलटं वाहिलं तर झडप नादुरुस्त धरतात. अण्णांचं तीन सेकंद वाहत होतं. पडद्यावर निळ्याचं लाल होतं आणि लालच राहतं. अण्णांनी मान वळवून ते पाहिलं आणि विचारलं, ‘‘हे परत खाली येलालंय का?’’ मी हो म्हटलं. १४ महिन्यांत त्यांना स्वतःचा आजार पहिल्यांदा दिसला तो तिथं. खोल नसा मोकळ्या होत्या, गुठळी नव्हती. जखमेखाली एक जोडनस, म्हणजे वरच्या नसा खोल नसांना जोडणारी नस, फुगलेली होती.

फोमच का

नस बंद करायला मी फोम, म्हणजे औषधाचा फेस, टोचायचं ठरवलं. तोच का, हा प्रश्न मला रुग्णांपेक्षा त्यांची पुण्यात नोकरी करणारी मुलं जास्त विचारतात. अण्णांच्या मुलानंही फोनवर विचारला. ‘‘लेझर का नाही?’’

उत्तर सरळ आहे. मांडीतली मुख्य नस बंद करायला लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी, म्हणजे उष्णता, ही पहिली पसंती आहे. ब्रिटनची २०१३ची मार्गदर्शक तत्त्वंही तोच क्रम देतात : आधी उष्णतेनं बंद करणं, ते शक्य नसेल तर फोम, तेही नसेल तर शस्त्रक्रिया. ब्रिटनमध्येच ७९८ रुग्णांवर लेझर, फोम आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. पाच वर्षांनंतरचे निकाल २०१९मध्ये आले तेव्हा पायाच्या त्रासाच्या बाबतीत फोमचे रुग्ण बाकी दोघांच्या मागे होते. फोमनं बंद केलेली नस पुन्हा उघडण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि नस जितकी रुंद तितकं जास्त. हे मी मुलाला जसंच्या तसं सांगितलं.

दुसरी बाजू. लेझरचा फायबर एकदाच वापरायचा असतो आणि त्याचीच किंमत मोठी. मांडीभर भूल टोचावी लागते. शिवाय अण्णांचा खरा गुन्हेगार जखमेखालचं वेडंवाकडं जाळं होतं, आणि तिथं सरळ फायबर जातच नाही. तिथं फोम सहज पोचतो. लागतं काय, तर औषधाची कुपी, दोन सिरिंजा, एक तोटी आणि सोनोग्राफी. अर्ध्या तासात माणूस चालत घरी. आणि अण्णांचं गणित वेगळंच होतं. ‘‘किती दिवस खाडा पडंल?’’ टॉवेलवर पैसे आहेत, माग थांबला की मजुरी थांबली. मी म्हटलं, त्या दिवसाचा एक. ते म्हणाले, मग हेच करा.

जखम भरेपर्यंत थांबून मग नस बंद करावी, असं शिकवलं जायचं. २०१८मध्ये ४५० रुग्णांवरचा ब्रिटनचा अभ्यास आला तेव्हापासून मी थांबत नाही. पट्टीबरोबर नसेचा उपचार लगेच केला त्यांच्यातल्या निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, उपचार पुढे ढकलला त्यांच्यातल्या निम्म्यांची ८२ दिवसांत. त्यातल्या बऱ्याच जणांना फोमच दिला होता. २६ दिवसांचा फरक कागदावर लहान दिसतो. दर आठवड्याला दोनदा पट्टी बदलायला येणाऱ्याला विचारा.

दोन सिरिंजा

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. टेबलावर जायच्या आधीचे प्रश्न मी वाचून विचारतो, आठवणीवर सोडत नाही. पूर्वी पायात गुठळी? फुप्फुसात गुठळी? हृदयाला छिद्र? कुठल्या औषधाची ॲलर्जी? मायग्रेन? सगळ्याला ‘नाही’. शेवटचा प्रश्न लक्षात ठेवा.

फेस करायची रीत इटलीच्या लोरेन्झो टेसारी यांनी २०००च्या सुमारास रूढ केली, आणि ती इतकी साधी आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. एका पाच मिलीच्या सिरिंजमध्ये एक मिली पॉलिडोकॅनॉल हे नस बंद करणारं औषध, दुसऱ्यात चार मिली हवा. मध्ये सलाइनला असते तशी तीन तोंडांची तोटी. एक दट्ट्या दाबायचा, दुसरा मागे येतो, मग तो दाबायचा. वीस वेळा. पाण्यासारखं औषध दाढीच्या साबणासारखं पांढरं, घट्ट होतं. अण्णा तो आवाज ऐकत होते, खटक-खटक, खटक-खटक. ‘‘मागासारखंच की,’’ म्हणाले.

हा फेस दोन मिनिटांच्या आत वापरावा लागतो, नाहीतर खाली पुन्हा पाणी बसायला लागतं. औषध नुसतं द्रव टोचलं तर रक्तात मिसळून पातळ होतं. फेस रक्ताला बाजूला सारतो आणि नसेच्या आतल्या अस्तराला सगळीकडून चिकटतो. अस्तर जळतं, नस आखडते, चिकटते आणि काही महिन्यांत तिची दोरी होऊन शरीरात जिरते. थोडं औषध भरपूर जागा व्यापतं, हा त्यातला खरा फायदा. अण्णांना दोन वेळा बनवून आठ मिली फेस दिला, म्हणजे द्रव औषध १.६ मिलीच. तीन टक्के ताकदीचं, म्हणजे ४८ मिलिग्रॅम. वजन ५८ किलो असलेल्याला दिवसाची मर्यादा ११६ मिलिग्रॅम. पण फेसाला वेगळी मर्यादा आहे, एका बैठकीत साधारण १० मिली, कारण प्रश्न औषधाचा नसून हवेच्या बुडबुड्यांचा असतो.

पाय उंच करून नस रिकामी केली. सोनोग्राफीच्या खाली गुडघ्याशेजारी सुई नसेत गेली, काळं रक्त आलं, आणि मी दट्ट्या हळूहळू दाबला. पडद्यावर काळी नळी खालून वर पांढरी होत जाते. बुडबुडे इतके चमकतात की शिकाऊ डॉक्टरलाही दिसतात. जांघेपाशी पोचायच्या आत सिस्टरनं प्रोबच्या वर दाब दिला. ‘‘अण्णा, पावलं वर-खाली करा.’’ असं केलं की खोल नसांत चुकून गेलेला फेस धुऊन निघतो.

बरोबर दहा मिनिटांनी ते म्हणाले, ‘‘डॉक्टर, डोळ्यापुढं चमकलालंय.’’

उजव्या बाजूला नागमोडी, चकाकणारी रेघ, आणि तिच्या आत काही दिसत नाही. बोलणं स्पष्ट, हात-पाय चालू, तोंड वाकडं नाही, नाडी-रक्तदाब ठीक. पाय उंच ठेवूनच आडवं ठेवलं, ऑक्सिजन लावला. फोमनंतर थोड्यांना असं होतं, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात जातं. हे सगळं मला माहीत होतं. तरी ती वीस मिनिटं मी घड्याळ सोडून दुसरीकडे बघितलं नाही. चौघांत एकाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासूनची बारीक फट उघडी असते, आणि ते त्याला कळतही नाही. बुडबुडे तिथून डाव्या बाजूला आणि मेंदूकडे जाऊ शकतात. पक्षाघात झाल्याच्या नोंदी जगभरात अगदी मोजक्या आहेत, पण आहेत.

विसाव्या मिनिटाला रेघ गेली. डोकं जरा दुखत राहिलं. बाहेर बायकोला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, ‘‘तसंच की ओ. त्यांना अर्धशिशी हाय. कारखान्यात लाइटीत बघितलं की चमकतंय म्हणतेत, मग डोकं धरून बसतेत.’’

मी मायग्रेन विचारलं होतं. अर्धशिशी विचारली नव्हती. डोळ्यांसमोर चमकणारी अर्धशिशी असलेल्यांना फोमनंतर हा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, आणि ते आधी कळलं असतं तर मी पहिल्या बैठकीत निम्माच फेस दिला असता, थोडा थोडा करून, मध्ये वेळ सोडून. माझ्या छापील प्रश्नावलीत आता ‘अर्धशिशी, डोळ्यांपुढे चमकणे’ असं लिहिलंय आणि खाली सिस्टरनं तिच्या अक्षरात तेलुगूतला शब्द घातलाय. २२ वर्षं या भागात दवाखाना चालवून ही दुरुस्ती यावर्षी झाली.

त्यानंतर घट्ट पट्टी, वर मांडीपर्यंतचा मोजा, आणि दवाखान्याच्या बोळातून अर्धा तास फेऱ्या. झोपून राहायचं नाही. पडून राहिलं तर खोल नसेत गुठळी व्हायची भीती वाढते.

बारावा दिवस

बाराव्या दिवशी अण्णांच्या मांडीत आतल्या बाजूनं सुतळीसारखी कडक, दुखरी दोरी हाताला लागायला लागली. वर कातडी लालसर. हे होतंच, नस बंद होत असल्याची ती खूण आहे, आणि मी ते सांगितलंही होतं. पण चमकण्याच्या गडबडीनंतर घाईत सांगितलं होतं. ते घराजवळ एका ठिकाणी गेले. तिथं नसेत पू झाल्याचं निदान झालं, प्रतिजैविकाची सुई, पाच दिवस पूर्ण विश्रांती, आणि मोजा काढून टाकायचा. म्हणजे जे करायचं त्याच्या नेमकं उलट.

चौथ्या दिवशी सिस्टरनं पट्टीला का आला नाहीत म्हणून फोन केला तेव्हा हे कळलं. आल्यावर आधी डॉप्लर, खोल नस मोकळी. मग त्या कडक दोरीत जाड सुईनं दोन ठिकाणी टोचून अडकलेलं रक्त दाबून काढलं. डांबरासारखं काळं, दाट, चमचाभर. ठणका तिथल्या तिथं कमी झाला. ‘‘हे पू न्हाई?’’ बायकोनं वाकून पाहिलं. मी गॉजवर घेऊन दाखवलं. तेव्हापासून मी रुग्णाला सगळं दोनदा सांगतो, आणि दुसऱ्यांदा घरच्यांसमोर. मांडीवर तपकिरी रेघ राहील, काही महिने राहील, क्वचित वर्षभर, हेही.

मार्चच्या मध्याला दुसरी बैठक. यावेळी जखमेभोवतीचं जाळं, एक टक्का ताकदीचा तीन मिली फेस, अर्धा-अर्धा मिली करून, सहा ठिकाणी. चमकलं नाही.

कांडीचं घड्याळ

पट्टी ठीक, पण १२ तास माग चालू असताना पोटरीला काम कसं द्यायचं, हा प्रश्न मला सुटत नव्हता. तासाला पाच मिनिटं चालून या, हे सांगणं सोपं. मागाला कोण बघणार? धागा तुटला आणि टॉवेलला डाग पडला तर पैसे कापले जातात.

उपाय अण्णांच्या बोलण्यातूनच निघाला. कांडी दर थोड्या मिनिटांनी संपते, आणि ती बदलायला थांबावंच लागतं. मी म्हटलं, मग कांडी बदलली की मागाच्या चौकटीला हात धरून दहा वेळा टाचा उचला, पूर्ण वर, पूर्ण खाली. त्यांनी पहिल्याच दिवशी हिशेब आणला. दोन माग, पाळीभरात शे-दीडशे कांड्या. म्हणजे हजारावर टाचा. शेजारच्या मागावरचे हसायचे म्हणे. पंधरा दिवसांनी त्यातले दोघं मला पाय दाखवून गेले.

एप्रिल संपता संपता, पहिल्या बैठकीपासून ७९व्या दिवशी, जखमेवर पूर्ण कातडी आली. पातळ, गुलाबी, सिगारेटच्या कागदासारखी चुरगळणारी. पट्टी सुटली आणि गुडघ्यापर्यंतचा दाबाचा मोजा आला.

आणि मग मे आला. ज्यानं सोलापुरातला मे काढलेला नाही त्याला दाबाच्या मोज्याबद्दल सल्ला द्यायचा अधिकार नसावा, असं माझं मत झालंय. बाहेर ४३, पत्र्याखाली कारखान्यात त्याहून जास्त, हवेत सुताची पिंजण, आणि ती घामानं मोज्याला चिकटून आत खाज. अण्णांनी मोजा काढून ठेवला. मी रागावलो नाही, कारण पाय सुजलेला दिसला तसे ते स्वतःच आले. तडजोड झाली. पुढचं बोट उघडं असलेला मोजा, दोन जोड, रोज धुऊन. सकाळी खाटेवरून पाय खाली ठेवायच्या आधीच चढवायचा, सूज आल्यावर नाही. सर्वात मोठी अडचण तो चढवण्याची असते, घट्ट असल्यानं टाचेवर अडकतो. त्याला सिस्टरची युक्ती : पावलावर दुधाची धुतलेली रिकामी पिशवी घालायची, मोजा तिच्यावरून सरकन वर जातो, मग उघड्या बोटाकडून पिशवी ओढून काढायची. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास पाय सुताच्या पोत्यावर, मोजा काढून. तेवढी सूट दिली.

विड्यांचं बंडल अजून चालू आहे. तिथं माझी मात्रा चाललेली नाही.

एका भेटीत बायकोनं साडी जरा वर करून स्वतःचा पाय पुढं केला. ‘‘माझ्या पण नसा टोचा की.’’ गुडघ्यामागे आणि मांडीवर बारीक जांभळ्या-लाल रेषांचं कोळ्याचं जाळं. उभं करून पाहिलं, डॉप्लर लावला, मोठी नस अगदी ठीक. दिवसभर मांडी घालून विड्या वळून गुडघे आखडलेले, दुखणं त्यांचं होतं. तिला मी काहीही टोचलं नाही, गुडघ्याचे व्यायाम दिले. ती थोडी हिरमुसली. नवऱ्याला दोनदा टोचलं आणि हिला नुसता व्यायाम.

ऑगस्टमध्ये सहा महिन्यांची तपासणी ठरलेली होती. जखमेची जागा बंद, कातडी आता जरा जाड, रंग मात्र गंजकाच राहणार. डॉप्लरवर मांडीतली नस वरच्या बाजूला पूर्ण बंद, दोरी झालेली. पण गुडघ्याच्या जरा वर चार सेंटिमीटरचा तुकडा उघडला होता आणि त्यात रक्त पुन्हा उलटं वाहत होतं. अण्णांनी पडद्याकडे बघून माझ्याआधीच सांगितलं, ‘‘लाल हाय.’’

पुन्हा थोडा फेस द्यावा लागेल, असं मी म्हटलं. त्यांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही, फेब्रुवारीतच सांगितलं होतं आणि यावेळी दोनदा. फक्त तारीख पुढे मागितली. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव, रथाबरोबर दिवसभर चालायचं होतं.

‘‘चालून चालेल ना?’’

‘‘चालाच. मोजा घालून, आणि यंदा चप्पल घाला.’’

‘‘चप्पल न्हाई जमणार डॉक्टर,’’ ते म्हणाले. ‘‘मोजा घालतो.’’

पौर्णिमेनंतरच्या मंगळवारची वेळ लिहून घेतली, सकाळी नऊ, पहिल्या नंबरला. त्या दिवशी त्यांची रात्रपाळी आहे.